वीस वर्षांनी पुन्हा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’: जुने नियम की नवे?

प्रश्न
वसतिगृहात असताना आम्ही पाच जण दर शनिवारी रात्री ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा, एकेक पात्र होऊन फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ तिसऱ्या आवृत्तीच्या नियमांनी खेळत असू आणि डंजन मास्टर, म्हणजे जग रचून गोष्ट चालवणारा, नेहमी मीच असे. गेल्या महिन्यात माळा आवरताना आमच्या पात्रांची पत्रके सापडली. हिट पॉइंटच्या, म्हणजे पात्राच्या उरलेल्या जीवशक्तीच्या, रकान्यात खोडून खोडून कागदाला भोक पडले आहे. तिघे पुन्हा खेळायला तयार आहेत. सहा आठवडे मी नवे जग रचतो आहे. नकाशे आणि राजघराण्यांच्या वंशावळी मिळून चाळीस पाने झाली, तरी पहिला डाव काही ठरत नाही. जुनेच नियम धरावेत की नवे शिकावेत?

प्रतिसाद १
नवेच घ्यावेत. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत फाशावरच्या आकड्यात करायच्या अधिक-उण्याच्या बेरजा बऱ्याच कमी झाल्या. परिस्थिती अनुकूल असेल तर वीस बाजूंचे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा, म्हणजे सरासरी १०.५ वरून साधारण १३.८ वर जाते. मूळ नियमांचा दस्तऐवज २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहे, त्यामुळे लगेच पुस्तके घेण्याची गरज नाही.

प्रतिसाद २
मला अडचण नियमांची वाटत नाही, चाळीस पानांची वाटते. मीही परतलो तेव्हा एका देवळाचा तीनशे वर्षांचा इतिहास लिहून बसलो होतो. खेळाडू देवळात गेलेच नाहीत. नदी ओलांडण्यापुरता आणलेल्या नावाड्याच्या हाताला पट्टी आहे, असे मी सहज बोलून गेलो आणि पुढचे चार डाव त्या पट्टीखाली काय आहे याच्या शोधात गेले. एक गाव आणि काहीतरी हवे असलेली तीन माणसे, एवढे पुरते.

प्रतिसाद ३
शक्य असल्यास खेळ मराठीतून चालवावा. सराईचा मालक एका पात्राला ‘अहो’ आणि दुसऱ्याला ‘अरे’ म्हणाला, की कोणाची काय पत आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. आमच्याकडे तर ‘अरे’ ऐकून घेतलेल्या सरदाराने तलवारच उपसली. (फासा मात्र १ पडला.)

मूळ प्रश्नकर्ता
नवे नियम उतरवून घेतले, वंशावळी माळ्यावर परत ठेवल्या आणि येता शनिवार ठरवला. गाव झाले, दोन माणसे झाली. तिसरा माणूस कोण, हे त्या तिघांनाच विचारणार आहे.