गृहकर्ज मुदतीआधी फेडावं का, आणि फेडताना बँकेला नक्की काय द्यावं लागतं?

मुलुंडकर

बोनस, ग्रॅच्युइटी किंवा गावच्या जमिनीतला वाटा हातात आला की घरोघरी तोच वाद होतो: कर्जात भरायचे की गुंतवायचे? माझं मत ठाम आहे. फ्लोटिंग, म्हणजे वेळोवेळी बदलणाऱ्या दराचं कर्ज असेल तर आधी मुद्दल कापा. बँकेने हप्ता कमी करू की मुदत असं विचारलं, तर मुदत म्हणा.

50 लाखांचं कर्ज, 20 वर्षं, 8 टक्के धरा. हप्ता 41,822 रुपये. पहिल्या हप्त्यातले 33,333 व्याजात जातात, मुद्दल फिटतं 8,489. तीन वर्षं नियमित भरूनही 46.56 लाख उभेच असतात. त्या दिवशी 5 लाख भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर उरलेले 204 हप्ते 164 वर येतात आणि सुमारे 12 लाखांचं व्याज वाचतं. तेच 5 लाख भरून मुदत 204 ठेवली तर हप्ता 37,331 होतो. दरमहा साडेचार हजार सुटतात खरे, पण व्याज वाचतं जेमतेम 4.16 लाख.

पैसे भरताना होणारी एक चूक फार महागात पडते. नेटबँकिंगने थेट कर्जखात्यात रक्कम टाकली की काही ठिकाणी ती मुद्दलातून वजा होत नाही, पुढच्या हप्त्यांची आगाऊ रक्कम म्हणून पडून राहते आणि व्याज पूर्वीसारखंच लागत राहतं. म्हणून लेखी अर्ज द्या: ‘पार्ट प्रीपेमेंट, हप्ता कायम ठेवून मुदत कमी करावी.’ मग नवं वेळापत्रक मागा आणि पुढच्या महिन्याचा व्याजाचा रकाना बघा. वरच्या उदाहरणात तिथे 31,039 ऐवजी 27,706 दिसले, तरच पैसे मुद्दलात गेले असं समजा.

आकडेमोड

तुमचे आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष मान्य नाही. 5 लाखांवर 12 लाख वाचले हे ऐकायला मोठं वाटतं, पण तो 8 टक्क्यांचा चक्रवाढ परतावा आहे, त्याहून एक रुपया जास्त नाही. वाचलेले हप्तेसुद्धा साडेतेरा वर्षांनंतरचे आहेत. आजचे 5 लाख आणि तेव्हाचे 12 लाख एकाच तागडीत घालणं मला पटत नाही.

दुसरा मुद्दा रोकडीचा. कर्जात गेलेला पैसा भिंतीत गेला. नोकरी सुटली, घरात आजारपण आलं, तर बँक तो परत देत नाही. टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज, मागायला गेलात तर पगाराच्या स्लिपा नव्याने द्याव्या लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी पगार नसतो. आधीच जास्त भरलंय म्हणून पुढचे हप्ते चुकवायची सवलतही मिळत नाही. मुंबईत घरखर्च, सोसायटीचा मेंटेनन्स आणि हप्ता मिळून सहा महिन्यांची रक्कम बाजूला असल्याशिवाय एक रुपयाही जादा भरू नये.

पंधरा वर्षं हात लावायची गरज नसलेला पैसा शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या इंडेक्स फंडात ठेवला तर 8 टक्क्यांच्या वर जाण्याची शक्यता चांगली आहे. वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर कर नाही, पुढे 12.5 टक्के. खात्री नाही हे मान्य, पण तरुण कर्जदाराने ही संधी पूर्ण सोडू नये.

मुलुंडकर

सहा महिन्यांची सोय आधी, हे शंभर टक्के मान्य. ते मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.

पण करानंतरचा हिशेब बघा. 30 टक्क्यांच्या पट्टीतल्या माणसाला सेस धरून 31.2 टक्के कर लागतो. 6.5 टक्क्यांच्या एफडीतून त्याच्या हाती 4.47 उरतात. कर्जफेडीतून वाचणाऱ्या 8 टक्क्यांवर कर नाही. तेवढं एफडीतून मिळवायचं तर व्याज 11.6 टक्के हवं.

‘व्याजावर करसवलत मिळते, कर्ज राहू द्या’ असा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो, तो तर अर्धवटच आहे. नव्या करपद्धतीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही. जुन्या पद्धतीत ती वर्षाला 2 लाखांपर्यंतच. 50 लाखांच्या कर्जाचं पहिल्या वर्षाचं व्याज चार लाखांच्या आसपास जातं, म्हणजे निम्म्यावर सवलतच नाही. मुदतीआधी फेड केली की आधी हे बिनसवलतीचं व्याज कमी होतं. 8 टक्के दराने बाकी 25 लाखांच्या खाली आली की मगच सवलतीला धक्का लागतो आणि कर्जाचा खरा दर साडेपाच टक्क्यांवर येतो. तिथे फेडीचा वेग कमी करायला माझी हरकत नाही. नवरा-बायको दोघं सहमालक आणि सहकर्जदार असतील, दोघं जुन्या पद्धतीत असतील आणि व्याज निम्मंनिम्मं दाखवत असतील, तर ही रेषा 50 लाखांवर जाते.

शेअर बाजाराची तुलना मात्र मला पटत नाही, कारण कर्जाचा दर 8 वरच थांबेल असं नाही. दर वाढले की काय होतं ते आपण पाहिलंय. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला. हप्ता तोच राहिला आणि मुदती गुपचूप लांबल्या, काहींच्या निवृत्तीच्या पलीकडे. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय कर्जदाराला द्या.

गिरगावचा हिशेब

तुम्ही दोघं 8 टक्के धरून भांडताय. तुमचा दर 8 आहे का हे आधी बघा! फेब्रुवारी ते डिसेंबर 2025 मध्ये रेपो 6.5 वरून 5.25 वर उतरला. ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवी फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या मानकाला, बहुतेक ठिकाणी रेपोला, जोडलेली आहेत. त्याआधीचं कर्ज एमसीएलआर किंवा बेस रेट या बँकेने स्वतः काढलेल्या जुन्या दरांवर राहिलं असेल, तर कपात उशिरा आणि अर्धवट पोचते. रेपोवर असूनही जुना स्प्रेड, म्हणजे रेपोवर बँक लावते ती वाढ, मोठा असेल तर नव्या गिऱ्हाईकाला स्वस्त आणि तुम्हाला महाग, असं होतं.

40 लाख बाकी, 15 वर्षं, 8.75 टक्के: हप्ता 39,978. दर 8 झाला तर 38,226. महिना 1,752 चा फरक. त्याच बँकेत दर बदलून घ्यायला समजा बाकीच्या पाव टक्का शुल्क लागलं, तर 10,000 अधिक 18 टक्के जीएसटी, एकूण 11,800. सात महिन्यांत वसूल. हप्ता जुनाच ठेवला तर चौदा हप्ते कमी होतात. खिशातून मोठी रक्कम न काढता एवढं होत असेल, तर प्रीपेमेंटच्या आधी हा अर्ज द्यावा.

फेडीच्या दंडाबद्दल: व्यक्तीने घरासाठी घेतलेल्या फ्लोटिंग कर्जावर बँकेला फोरक्लोजर शुल्क, म्हणजे मुदतीआधी कर्ज बंद करण्याचा दंड, घेता येत नाही, हा नियम 2012 पासून आहे. 1 जानेवारी 2026 पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांना लागू असलेल्या निर्देशांत तर पैसा कुठून आणला हेही बघायचं नाही आणि किमान काळ थांबायची अटही नाही. फसगत होते ती ‘पहिली तीन वर्षं फिक्स्ड’ कर्जात. फेडीच्या दिवशी कर्ज फिक्स्ड टप्प्यात असेल तर शुल्क लागू शकतं. 30 लाखांवर 2 टक्के आणि जीएसटी म्हणजे 70,800. फ्लोटिंग टप्पा जवळ असेल तर थांबा.

आकडेमोड

दर कमी करून घ्या, हे बरोबर. पण लोक तिथे न थांबता थेट दुसऱ्या बँकेत उडी मारतात. महाराष्ट्रात नव्या बँकेकडे घराचे कागद गहाण ठेवताना मुद्रांक शुल्क पुन्हा भरावं लागतं: 0.3 टक्के, 40 लाखांवर 12,000. वर नोटीस ऑफ इंटिमेशनची (गहाणाची सूचना निबंधकाकडे नोंदवण्याची) फी, प्रोसेसिंग, वकिलाचा अहवाल, मूल्यांकन. ‘प्रोसेसिंग फी माफ’ या जाहिरातीत यातलं बाकी काहीच माफ नसतं. बाकी 15 लाख आणि मुदत पाच वर्षं असेल, तर पाव टक्क्यासाठी बँक बदलू नये.

ज्यांना माझी रोकडीची भीती पटते आणि मुलुंडकरांचं गणितही, त्यांनी ओव्हरड्राफ्ट प्रकारच्या गृहकर्जाची चौकशी करावी. जादा पैसे खात्यात ठेवायचे, व्याज रोजच्या उरलेल्या बाकीवर, गरज पडली तर काढता येतात. दर थोडा जास्त असतो आणि उचल मर्यादा दरमहा उतरत जाते. त्यामुळे दोन-चार लाख खरोखर पडून राहणार असतील तरच ते परवडतं.

एक आणखी. पूर्ण फेडण्यापेक्षा दहा-वीस हजार बाकी ठेवावेत. घराचे मूळ कागद बँकेच्या तिजोरीत सुरक्षित राहतात, लॉकरचं भाडं वाचतं.

दस्तवाचक

हा शेवटचा सल्ला कृपया मागे घ्या. मुंबईत कितीतरी जुन्या सोसायट्यांत पुनर्विकासाची चर्चा चालू आहे. दहा हजार बाकी असली तरी बोजा पूर्ण फ्लॅटवर असतो. विकासकाशी करार करायची वेळ आली की बँकेची एनओसी मागितली जाते आणि सगळ्या इमारतीचं काम तुमच्या एका फ्लॅटसाठी अडतं.

पूर्ण फेड करताना फोरक्लोजर पत्र घ्या. त्यात कोणत्या तारखेपर्यंत किती रक्कम आणि पुढे रोजचं व्याज किती हे लिहिलेलं असतं. चेक वटेपर्यंत व्याज चालू राहतं. दोन-तीनशे रुपये कमी पडले तरी खातं उघडंच राहतं. हप्त्याच्या तारखेच्या आधी फेडलंत तर नॅच मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी, बंद झालंय का बघा, नाहीतर हप्ता पुन्हा कापला जातो आणि परताव्यासाठी खेटे घालावे लागतात. कर्जासोबत एकरकमी विमा गळ्यात मारला असेल तर उरलेल्या मुदतीचा परतावा मागा.

फेड झाल्यापासून 30 दिवसांत मूळ कागद परत देणं आणि बोजा उतरवणं बँकेवर बंधनकारक आहे. उशीर बँकेमुळे झाला तर रोज 5,000 रुपये भरपाई. 1 डिसेंबर 2023 पासूनचा हा नियम अर्जातच लिहा, आणि फेड झाल्याच्या पोचपावतीवर तारखेचा शिक्का घ्या, कारण दिवस तिथून मोजले जातात.

कागद घेताना पाकीट बघून सही करू नका. करारनाम्याच्या प्रत्येक पानावर दुय्यम निबंधकाचा शिक्का असतो: कार्यालयाचं लघुरूप, कुर्ल्याला ‘करल’, बोरिवलीला ‘बरल’, मग दस्त क्रमांक, पान क्रमांक, एकूण पानं, वर्ष. 96 पानांचा दस्त असेल तर 1 ते 96 बोटाने मोजा. स्कॅनिंगसाठी सुटी केलेली पानं परत लावताना गाळली जातात. नोंदणीची पावती, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सारांश), मूळ शेअर सर्टिफिकेट आणि आधीच्या मालकांचे करार कर्ज घेताना मिळालेल्या यादीशी ताडून पाहा. एखादा कागद बँकेकडून हरवला असेल तर दुय्यम प्रत मिळवायला मदत करणं आणि तिचा खर्च करणं बँकेकडेच येतं, पण तुम्ही ‘सर्व मिळाले’ अशी सही करण्याआधी.

मग नो ड्यूज पत्राची प्रत सोसायटीच्या सेक्रेटरींना द्या आणि सोसायटीच्या दप्तरातली बँकेची नोंद काढून घ्या. महिन्याभराने सर्साईच्या, म्हणजे गहाण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीच्या, संकेतस्थळावर फ्लॅटचा शोध घ्या. बोजा अजून दिसत असेल तर त्या पानाची छापील प्रत घेऊन शाखेत जा.