वेळ संपली, माणूस आला नाही: आता कोण निघणार?

कारवीवाट:
परवा इथे एकाने लिहिलं, "नकाशा-होकायंत्राच्या स्पर्धेत उतरणारे जाणते असतात. उशीर झाला म्हणून आयोजकांनी धावपळ करू नये, येतील आपापले." दोन दिवस हे डोक्यातून जात नाहीये. मागच्या डिसेंबरात तिकोन्याच्या बाजूला मी फिनिशच्या टेबलावर होतो. कोर्स, म्हणजे स्पर्धेची वाट, चारला बंद. साडेपाचला तीन नावांपुढे खूण नाही. सूर्य सहाला मावळणार, आणि आमचं चाललंय, "अजून पंधरा मिनिटं बघू." तिघांतले दोघं स्पर्धा अर्धवट सोडून, कुणाला न सांगता गाडी काढून घरी गेले होते. तिसरा पाय मुरगळून घळीत बसला होता, शिट्टी वाजवत. आम्ही मात्र तासभर त्या दोघांना हाका मारत फिरलो. कोर्स बंद झाल्यावर किती मिनिटांनी कोण कुठे जाणार, हे सकाळीच कागदावर हवं. आणि स्पर्धा सोडली तरी टेबलावर तोंड दाखवूनच घरी जायचं.

सडाफटिंग:
ती पोस्ट माझी, आणि मी शब्द मागे घेत नाही. वाट आपली आपण शोधायची, म्हणून तर आपण यात उतरतो. भीमाशंकरच्या जंगलात मी एक रात्र काढलीय. ढोरवाटेने भरकटलो, अंधार पडला तसा झाडाला टेकून बसलो, उजाडल्यावर उतरलो. त्या रात्री मला शोधायला नवखी पोरं पाठवली असती तर सकाळी आणखी चार जणांना शोधावं लागलं असतं.

घाटमाथा:
तुम्ही झाडाला टेकून बसलात, घरच्यांनी ती रात्र कशी काढली ते लिहा ना! आणि किती वेळ लागेल याचा अंदाज बांधता येतो हो. 5 किलोमीटरला एक तास, वर 600 मीटर चढाला आणखी एक, हा नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा हिशोब 1892 पासून आहे. कारवीच्या दाट झुडपांतून घुसायचं असेल तर दुप्पट धरा. त्यापुढे गेला तो उशिरा.

पवनमावळ:
हिशोब चालू द्या तुमचे. शोधायला जातं कोण, हे कुणी लिहिणार आहे का? आमच्या वाडीतली माणसं. माझा चुलता भाकरीवरून उठून गेलाय, पायात चपला, हातात बॅटरी. रात्री एकला माणूस खाली आणला. चुलत्याला मिळाला एक कप चहा, आणि फोटोत सगळे स्पर्धेचे टी-शर्टवाले. 2021 मध्ये चीनच्या गान्सूत डोंगरातल्या 100 किलोमीटरच्या शर्यतीत गारपीट होऊन 21 धावपटू थंडीने गेले. सहा जण वाचले ते एका मेंढपाळाने आपल्या गुहेत नेऊन शेकोटी दिली म्हणून.

सडाफटिंग:
विषय भरकटवू नका. गावकऱ्यांना पैसे द्या, कोण नको म्हणतंय?

पवनमावळ:
भरकटलो नाही. डोंगर ज्याच्या पायाखालचा आहे त्याला तुम्ही सकाळी विचारतच नाही, आणि रात्री दार ठोठावता. त्या तिसऱ्याची घळ आमच्या गुराख्याला दुपारीच विचारली असती तर त्याने सांगितलं असतं, तिथे दरवर्षी कोणीतरी उतरतंच.

घाटमाथा:
हे खरंय. आम्ही कधी विचारलं नाही.

कारवीवाट:
पवनमावळ, ती घळ आम्ही नकाशावर बघूनही सोडून दिली होती. चूक आमची. वाडीतल्या दोघांचं मानधन प्रवेश शुल्कातच धरायला हवं. सडाफटिंग, नवख्यांना अंधारात पाठवू नये हे मान्य. आधी पार्किंगमधल्या गाड्या मोजा, फोन लावा, घरच्यांच्या नंबरावर विचारा. मग माहितगार जोडीने घळींच्या तोंडाशी उभं राहून कान द्यायचा. मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर शांतता, हा मदतीचा इशारा. उत्तर तीन शिट्ट्यांचं. घळीत आवाज घुमतो, दिशा कळत नाही, म्हणून दोन जागी माणसं हवीत. आणि रेस्क्यूवाल्यांना फोन उजेड असतानाच. रात्री दहाला लावून त्यांनाही अंधारात ढकलायचं, हे बरोबर नाही.

सडाफटिंग:
गाड्या मोजायचं ठीक. न सांगता निघून जाणाऱ्याला पुढच्या वेळी घेऊ नका, हेही चालेल. पण माझ्या पाठीशी घड्याळ लावून बसू नका.

घाटमाथा:
घड्याळ नको तर परत किती वाजता येणार ते निघताना तुम्हीच लिहून द्या. तुमच्या आकड्यावरच आम्ही निघू.

सडाफटिंग:
देतो लिहून. वर दोन तास धरून.