मदत हवी आहे : उपचारानंतर भाऊ पुन्हा ब्राऊन शुगरकडे वळला, त्याला बेळगावातून हलवावे का?

नमस्कार.

माझा धाकटा भाऊ, वय २७, उद्यमबागेतील एका फाउंड्रीत कामाला आहे. पुण्यातील एका व्यसनमुक्ती केंद्रात राहून त्याने उपचार घेतले आणि परतल्यावर चार महिने ब्राऊन शुगरला, म्हणजे हेरॉइनच्या अशुद्ध प्रकाराला, हात लावला नाही. गेल्या महिन्यात पगाराच्या संध्याकाळी तो जुन्याच वाटेने घरी यायला निघाला आणि त्या रात्री त्याने पुन्हा घेतली. दुसऱ्या दिवशी त्यानेच मला सांगितले, "दादा, घ्यायचं ठरवलं नव्हतं. खिशात पैसे होते, तो बोळ दिसला आणि पाय वळले."

निर्धार कमी पडला, असे घरात सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. दीर्घकाळ नशा केल्यावर तिच्याशी जोडलेल्या जागा, माणसे, अगदी पगाराचा दिवससुद्धा मेंदूत इतका पक्का बसतो, की शरीरातून पदार्थ निघून गेल्यावर कित्येक महिन्यांनीही त्या खुणा दिसताच तलफ उठते. केंद्रात या खुणा नव्हत्या, इथे त्या पावलोपावली आहेत.

व्हिएतनाममध्ये हेरॉइनचे व्यसन लागलेल्या अमेरिकन सैनिकांचा संशोधक ली रॉबिन्स यांनी १९७० च्या दशकात अभ्यास केला, तेव्हा मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यापैकी सुमारे ५ टक्केच पुन्हा व्यसनाधीन झाल्याचे आढळले. पण ते सैनिक ती जागा कायमची सोडून आले होते. माझ्या भावाची नोकरी, आई आणि सोबती याच शहरात आहेत. वर्षभर खानापूर तालुक्यातील आपल्या शेतावर ठेवू, असे मामा म्हणतात. मात्र रिकामा वेळ आणि एकटेपणा हीसुद्धा पुन्हा वळण्याची मोठी कारणे असतात, म्हणून माझे मन धजत नाही.

सर्वांत मोठी भीती वेगळीच आहे. काही महिने बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते, आणि पूर्वी सहज पचणारी मात्रा त्याच माणसाचा श्वास थांबवू शकते. म्हणूनच त्याने लपवू नये यासाठी मी त्याला एका शब्दानेही दुखावलेले नाही.

जागा बदलल्याने कोणाच्या घरी खरोखर फरक पडला का? ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध दीर्घकाळ चालू ठेवल्याने तलफ आटोक्यात राहते हे मला ठाऊक आहे, तरी धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत असे उपचार कोणी घेतले असतील तर अनुभव कृपया सांगावा. भावाला कामापुरते कन्नड येते, पण मनातले तो मराठीतच बोलू शकतो. बेळगाव, निपाणी किंवा कोल्हापूर भागात नियमित भेटणारे मराठी समुपदेशक कोणाला माहीत आहेत का? पगार माझ्याकडे ठेवण्यास तो तयार आहे, परंतु सत्तावीस वर्षांच्या कमावत्या माणसाचे पैसे ताब्यात घेतल्याने त्याचा स्वतःवरचा उरलासुरला विश्वास जाईल का, हे मला ठरवता येत नाही. त्याचा पुढचा पगार १० तारखेला आहे, त्याआधी कोणी उत्तर दिले तर फार आधार होईल.