रोज एक फोटो काढायचाय, वर्षभर. सल्ला हवाय

वाशिष्ठीकाठ:
नमस्कार मंडळी. मी चिपळूणला राहते, शाळेच्या ऑफिसात कामाला आहे. येत्या एक तारखेपासून वर्षभर रोज एक फोटो काढायचा असं मनात घेतलंय. कारण सांगते. जुलै २०२१ च्या पुरात आमच्या तळमजल्यावर पाणी भरलं आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातले अल्बम गेले. लग्नाबारशांचे फोटो नातेवाईकांकडून परत जमवता आले, कारण ते सगळ्यांनीच काढलेले असतात, पण जुनं स्वयंपाकघर, सासरे पडवीत ज्या खुर्चीवर पेपर वाचत बसायचे ती जागा, माजघरातला झोपाळा, यातलं काही म्हणजे काही कुणाकडे नाही. असले फोटो कुणी काढतच नाही ना. आता सासूबाई थकल्यात, मुलगी सातवीत आहे, आणि घर पाडून नवीन बांधायचं पण घरात बोलणं चाललंय, म्हणून हे आत्ताच करायचंय.

प्रश्न असे आहेत की मोबाईल पुरेल का सेकंड हँड डीएसएलआर (मोठा, लेन्स बदलायचा कॅमेरा) बघू? रोज तेच घर नि तीच शाळा, तर विषय कुठून आणायचे? एखादा दिवस राहिला तर काय करता? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ठेवायचे कुठे, पुराचा धसका आहे. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी प्लीज सांगा.

डोंगरवाट:
ताई, मोबाईलच. डीएसएलआर कपाटात राहतो आणि मोबाईल हातात, रोजच्या कामाला हातात असलेली वस्तू लागते. त्यातून कोकणातला पावसाळा म्हणजे लेन्सला बुरशी, मग हवाबंद डबा नि ओल शोषणारं सिलिका जेल नि ते निळ्याचं गुलाबी झालं की परत तापवून वाळवा, एवढं सगळं पहिल्या वर्षी कशाला. फक्त एक सवय लावा, फोटो काढायच्या आधी मोबाईलची लेन्स सुती कपड्याने पुसायची. निम्म्या लोकांचे फोटो धुरकट येतात ते बोटांच्या तेलाने, त्यात कॅमेऱ्याचा काही दोष नसतो.

छत्तीसचा_रोल:
वाचून फार बरं वाटलं. मिरजेला माझा स्टुडिओ होता, रोलच्या काळापासून, त्यामुळे थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

फिल्मच्या एका रोलवर ३६ फोटो यायचे, म्हणजे रोज एक काढला तर साधारण महिन्याला एक रोल. तेव्हा एवढे पैसे कुणी रोजच्या गोष्टींवर घालत नव्हतं, त्यामुळे रोल बाहेर यायचा तो लग्नाला, बारशाला, फार तर माथेरानला गेलं तर. तुम्ही म्हणताय ते अगदी खरंय, स्टुडिओत जुने फोटो मोठे करायला लोक आणायचे त्यात आजीचा फोटो असायचा पण आजीचं घर नसायचं. आणि घर असलंच तर मागे, अर्धं कापलेलं, फोकसच्या बाहेर. माणसं ते मागचंच बोट लावून दाखवायची, हे बघा इथे फडताळ होतं. म्हणून माझा पहिला सल्ला, फोटो चांगला यायलाच पाहिजे हा हट्ट सोडा आणि फोटोत काय आहे ते नीट कळलं पाहिजे हा हट्ट धरा. मागचं सगळं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड तुमच्या कामाचा नाही. तुम्हाला ते मागचंच पाहिजे आहे.

दुसरं उजेडाचं. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असतं तेव्हा उजेड सगळीकडून सारखा येतो, तोंडावर काळ्या सावल्या पडत नाहीत, माणसांचे फोटो काढायला याहून चांगले दिवस नाहीत. घरात मात्र अंधार असतो, तेव्हा फ्लॅश न मारता माणसाला खिडकीच्या किंवा दाराच्या बाजूला घ्या, खिडकी त्यांच्या एका अंगाला असू द्या, पाठीमागे नको. पाठीमागे आलीच तर स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट ठेवा, जे सूर्याचं चिन्ह येतं ते वर सरकवा, खिडकी पांढरी फटक पडेल पण चेहरा मिळेल.

रात्री एलईडी बल्बखाली कधीकधी फोटोवर आडवे काळे पट्टे येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, डोळ्याला दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतं. मोबाईलमध्ये प्रो मोड (सेटिंग हाताने बदलायची सोय) असेल तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा, पट्टे जातात.

आणि शेवटचं, प्रत्येक फोटोला एक ओळ लिहा. वेगळी वही करू नका, वही मागे पडते. भिंतीवर कालनिर्णय असेलच, त्याच्या तारखेच्या चौकोनात जिथे आपण दुधाचा नि गॅसचा हिशोब लिहितो तिथेच चार शब्द, आजच्या फोटोत काय आहे ते. महिना संपला की त्या पानाचा फोटो काढून ठेवायचा. माणसांची नावं लिहा, "काकू" लिहू नका, कोणती काकू ते पंधरा वर्षांनी घरातल्यांनाही सांगता येत नाही.

बोरिवली_फास्ट:
काकांचं सगळं पटलं पण विषयाच्या बाबतीत मी वेगळं सांगेन. रोज विषय शोधत बसलात तर दीड महिन्यात कंटाळाल, त्यापेक्षा एकच चौकट धरा. एकाच जागेवरून, एकाच वेळी, एकच गोष्ट. अमेरिकेत बोस्टनला कार्ल बेडन म्हणून फोटोग्राफर आहेत, त्यांनी २३ फेब्रुवारी १९८७ पासून रोज स्वतःच्या चेहऱ्याचा एक फोटो काढलाय, तसाच समोरून, तोच कॅमेरा, चेहऱ्यावर काही हावभाव नाही. बाकी काहीच बदलायचं नाही त्यामुळे बदलतं ते फक्त वय. मी आमच्या बाल्कनीतून समोरच्या जुन्या बिल्डिंगचे काढत गेलो, ती रिकामी झाली, पाडली, आता तिथे टॉवरचे स्लॅब पडतायत. एकेक फोटो बघाल तर त्यात काही नाही, पण ओळीने लावले की आमच्या सोसायटीतली सगळी माणसं येऊन बघतात. तुमच्याकडे तर वाशिष्ठी आहे. पुलाजवळून रोज एक काढा, वैशाखात उघडे पडलेले खडक नि श्रावणातलं गढूळ पाणी, वर्षभराने काय दिसेल विचार करा.

स्नेहल_एडिनबरा:
एकच चौकट माझ्याकडून नाही झाली. इथे डिसेंबरात पावणेचारला सूर्य मावळतो, सकाळी ऑफिसला जाते तेव्हा अंधार, येते तेव्हा अंधार, तीच खिडकी रोज काढायची म्हणजे काळा चौकोन. मला उलट रोज जे समोर येईल ते काढण्यानेच त्या महिन्यांत आधार दिला, कारण उजेड कुठे आहे ते शोधावं लागतं, बसस्टॉपची काच, भाजीच्या दुकानातले दिवे, शेजारच्या आजोबांच्या खिडकीतलं झाड.

आणि ताई, तुम्हाला जेमी लिव्हिंग्स्टनबद्दल सांगायलाच पाहिजे. न्यूयॉर्कचा माणूस, ३१ मार्च १९७९ ला सुरुवात केली, रोज एक पोलरॉइड, म्हणजे कॅमेऱ्यातून लगेच छापून बाहेर येणारा फोटो, आणि २५ ऑक्टोबर १९९७ ला गेला त्या दिवसापर्यंत चालू ठेवलं. अठरा वर्षांहून जास्त. त्यात मित्र आहेत, जेवणाची टेबलं आहेत, टीव्हीचा पडदा आहे, रिकामी खोली आहे, शेवटी हॉस्पिटल आहे, आणि शेवटच्याच महिन्यातलं त्याचं लग्नही आहे. तो गेल्यावर मित्रांनी सगळे फोटो क्रमाने लावले, २००७ मध्ये तो शिकला त्या बार्ड कॉलेजात त्यांचं प्रदर्शन झालं, नेटवर पण आहेत. मी एका रविवारी बघायला बसले ती उठलेच नाही. पोलरॉइडची फिल्म महाग म्हणून असेल, पण रोज एकच, आणि जो आला तो आला. मोबाईलवर आपण एकाच गोष्टीचे वीस काढतो आणि मग निवडायचं राहून जातं. माझा नियम, झोपायच्या आधी त्या दिवसाचा एक ठेवायचा, "रोज" नावाच्या अल्बममध्ये टाकायचा, त्याच विषयाचे बाकीचे लगेच डिलीट.

तात्या_पुणे३०:
दिवस राहिला तर काय, हे कुणीच सांगितलं नाही. माझं स्पष्ट मत आहे, राहिला तर राहिला, ती जागा रिकामी ठेवा. दुसऱ्या दिवशी दोन काढून आदल्या तारखेला चिकटवू नका. ही नोंद आहे, आणि नोंदीत खोटी तारीख घातली की पुढे कशावरच विश्वास बसत नाही. कॅलेंडरवर त्या चौकोनात लिहा, "ताप होता", "गावाला गेलो, वेळ नव्हता". तीही नोंदच झाली.

डोंगरवाट:
तात्या, तारखेचं बरोबर आहे पण नवीन माणसाला पहिले दोन-तीन महिने तरी सोडायचं नाही असंच सांगावं. रात्री पावणेबाराला आठवलं तर उठून ओट्यावरच्या झाकलेल्या दुधाच्या पातेल्याचा काढा, पण काढा. ताईंना तर तसलेच फोटो पाहिजेत. एकदा सवय मुरली की मग रिकामा दिवस चालतो.

वाशिष्ठीकाठ:
केवढं लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. कालनिर्णयची आयडिया घरात सगळ्यांना आवडली, मुलगी म्हणाली ओळ मी लिहिणार. पुलाजवळून पण काढेन पण रोज नाही, रविवारी. बाकीचे दिवस घरातलेच.

अजून दोन अडचणी. सासूबाई कॅमेरा दिसला की उठून जातात, "माझा कशाला काढतेस, चांगलं लुगडं तरी नेसू दे" म्हणतात, आणि मला त्या रोजच्याच नऊवारीत, चुलीपाशी पाहिजेत. आणि शाळेत काढायचे तर मुलांचे चालतात का?

स्नेहल_एडिनबरा:
शाळेचं आधी सांगते. मुलांचे चेहरे येतील असे काढूच नका, काढायचेच असतील तर मुख्याध्यापक आणि पालक दोघांना विचारून, आणि नेटवर तर अजिबात नको. शाळेत बिनमाणसांचं खूप असतं की, तास संपल्यावरचा फळा, व्हरांड्यात वाळत घातलेल्या छत्र्या, हजेरीपट, घंटा.

छत्तीसचा_रोल:
वहिनींच्या, म्हणजे तुमच्या सासूबाईंच्या, बाबतीत लपूनछपून काढू नका एवढं आधी सांगतो. आधी एकदा चांगलं लुगडं नेसवून, खुर्चीवर बसवून त्यांना पाहिजे तसा काढा आणि प्रिंट करून हातात द्या. आमच्या वयाच्या माणसांना फोटो म्हणजे कागद, स्क्रीनवर दाखवलेला आम्ही धरत नाही. मग हातांचे काढायला मागा, भाकरी थापताना, नारळ खोवताना, वाती वळताना. चेहरा नाही म्हटल्यावर माणूस सैल होतो. आणि एक दिवस त्यांनाच विचारा, आज कशाचा काढू? आठवड्यातला एक फोटो त्यांनी सांगायचा. त्या जे सांगतील ना, पाटा-वरवंटा असेल, मागच्या दारचा फणस असेल, ते तुम्हाला कधीच सुचलं नसतं, आणि का काढायचा हेही त्या सांगतील, ते त्याच रात्री लिहून ठेवा.

बोरिवली_फास्ट:
स्टोरेजचं मी सांगतो, आयटीत आहे. मोबाईलचा एक फोटो सरासरी ४ एमबी धरा, ३६५ चे दीड जीबीच्या आत. गुगलचे १५ जीबी फुकट असतात, पण त्यात जीमेल नि ड्राइव्ह पण आलं, आणि जून २०२१ पासून फोटोंना वेगळी सूट राहिलेली नाही, त्यामुळे किती भरलंय ते बघून घ्या. त्याशिवाय एक पेनड्राइव्ह किंवा छोटी हार्ड डिस्क, महिन्यातून एकदा कॉपी. आणि त्याचीच अजून एक कॉपी दुसऱ्या गावात, माहेरी किंवा भावाकडे. पूर एका गावात येतो, दोन गावांत एकदम सहसा नाही. फाइलचं नाव वर्ष-महिना-तारीख असं ठेवा, २०२६-०६-०१, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात.

व्हॉट्सअॅपवरून पाठवलेली कॉपी ठेवू नका. त्यात फोटो दाबून बारीक होतो, आणि कधी काढला ती माहितीही आतून निघून जाते. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि स्टेटसला टाकला म्हणजे राहिला असं समजू नका, ते २४ तासांत जातं.

तात्या_पुणे३०:
आणि प्रिंट? सगळं ढगात ठेवून काय करायचं, आयडी-पासवर्ड एकाच माणसाला माहीत असतो. पासवर्ड घरात अजून एकाला द्या, नाहीतर कॉप्या असून उपयोग नाही.

वाशिष्ठीकाठ:
तात्या, पासवर्ड नवऱ्याला देते आजच. प्रिंट महिन्याला सगळे नाही परवडणार, पाच-सहा निवडून काढावे म्हणते, त्यातलेच सासूबाईंना देईन. कुठल्या साईजचे नि कशात ठेवू? इथे एक जण लॅमिनेट करून घ्या म्हणाला, पाण्याची भीती नको म्हणून.

छत्तीसचा_रोल:
लॅमिनेट करू नका. कडेने ओल शिरते, आत फोटो खराब होतो आणि मग काढताही येत नाही. आमच्याकडे पुरात भिजलेले फोटो यायचे, सुटे होते ते वेळेत आणले तर स्वच्छ गार पाण्यात हलक्या हाताने धुवून, चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवून वाचायचे. चिकट पानांच्या अल्बममधले एकमेकांना धरून बसायचे. तेव्हा तसला अल्बमही नको.

४ बाय ६ इंचाचा साधा प्रिंट, फोटो लॅबमधूनच घ्या, झेरॉक्सवाल्याकडच्या साध्या कागदावर नको. तेवढ्या साईजला १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात, कुठल्याही मोबाईलचा फोटो त्याहून मोठा असतो, त्यामुळे काळजी नाही. मागे बॉलपेनने दाबून लिहू नका, पुढे उमटतं, बारीक परमनंट मार्करने कडेला तारीख नि नावं, शाई पूर्ण वाळली की मगच एकावर एक. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात उभे ठेवा, बरोबर सिलिका जेलच्या दोन पुड्या, आणि तो डबा माळ्यावर. कौलं असतील तर पावसाआधी माळ्याच्या त्या कोपऱ्यात गळत नाही ना ते तेवढं बघून घ्या.