मदत हवी आहे: खासदारांचं वीज विधेयकांवरचं मत आणि प्रचाराचा पैसा कसा तपासायचा?

आम्ही काहीजण कोल्हापूर आणि हातकणंगले दोन्ही मतदारसंघांसाठी बघतोय, की सौर-पवन ऊर्जेच्या कायद्यांवर खासदार कुठल्या बाजूला होते आणि निवडणुकीला पैसा कुठनं आला. ऊर्जा संवर्धन दुरुस्ती विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत आवाजी मतदानानं पास झालं, म्हणजे नावानिशी नोंदच नाही, हे लोकांच्या हक्काचं असून मिळत नाही याचा राग येतो. निवडणूक रोख्यांची यादी बघितली, पण ती पक्षनिहाय आहे, उमेदवारनिहाय नाही. शपथपत्रं पण चाळली, त्यात मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण असलीच माहिती. माहिती अधिकार सुचवू नका, वेळ कमी आहे, आणि पक्ष त्याला दाद देत नाहीत. उमेदवारानं निकालानंतर ३० दिवसांत दिलेला खर्चाचा हिशोब, देणगीदारांच्या नावासकट, ऑनलाइन नेमका कुठं बघायचा? आणि आवाजी मतदान असेल तर खासदाराची भूमिका कशावरनं धरायची, भाषणावरनं की विचारलेल्या प्रश्नांवरनं?