फोनवरचं फुटेज एडिट करताना टाइमलाइन अडकते, शेवटी शेवटी आवाज सरकतो

कात्री_नवी

फोनवर ४के ३० फ्रेम्सने शूट केलेले शिकवणीचे व्हिडिओ आहेत. एकेक रेकॉर्डिंग साधारण २५ मिनिटांचं, कापून १० मिनिटांवर आणायचं आहे. आवाज कॉलर माइकने वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला आहे.

तीन अडचणी आहेत. सुरुवातीला ओठ आणि आवाज नीट जुळवले तरी पंधराव्या मिनिटानंतर फरक दिसायला लागतो. प्लेहेड (टाइमलाइनवरची उभी रेघ) मागे-पुढे केला की चित्र अडकत अडकत येतं, त्यामुळे कट नेमका बसत नाही. आणि चुकलेले टेक शोधण्यातच निम्मा वेळ जातो. टाइमलाइन १०८०पी ठेवली आहे. संगणक बदलणं सध्या शक्य नाही. शूटिंगच्या वेळीच काही बदलायला हवं का?

पंचविसावी_फ्रेम

आधी आवाज कसा सरकतो ते तपासा, कारण त्यावरून उपाय ठरतो. जुळवण्यासाठी शेवटी टाळी वाजवलेली नसेल तर प, ब, म या अक्षरांवर बघा. ही ओठ मिटूनच उच्चारली जातात. 'प' फुटतो तिथे वेव्हफॉर्ममध्ये (आवाजाच्या आलेखात) टोकदार सुळका असतो आणि त्याच फ्रेमला ओठ उघडायला हवेत. पहिलं मिनिट, बारावं आणि चोविसावं, अशा तीन ठिकाणी किती फ्रेम्सचा फरक आहे ते कागदावर लिहा.

फरक एकसारखा वाढत असेल (बाराव्याला १, चोविसाव्याला २) तर फोन आणि रेकॉर्डरची घड्याळं किंचित वेगळी चालतात. तेव्हा ऑडिओ क्लिपची लांबी तेवढीच ताणा किंवा आवळा, पिच कायम ठेवायचा पर्याय चालू ठेवून. फरक २५ मिनिटांत दीड सेकंदाच्या आसपास असेल तर कुठेतरी २९.९७ आणि ३० ची गल्लत झाली आहे. हा ०.१ टक्क्याचा फरक आहे, १,५०० सेकंदांत बरोबर दीड सेकंद होतो.

पण फरक मध्येच उडी मारत असेल तर तो व्हेरिएबल फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला टिपल्या जाणाऱ्या फ्रेम्स कमी-जास्त होणं. प्रकाश कमी पडला की फोन प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ देतो आणि सेकंदाला तीसऐवजी चोवीस, कधी वीसच फ्रेम्स टिपतो. बरंचसं एडिटिंग सॉफ्टवेअर मात्र एकसारख्या फ्रेम्स धरून चालतं. फाइल मीडियाइन्फोमध्ये (फाइलची तांत्रिक माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा. 'व्हेरिएबल' हा शब्द जवळपास प्रत्येक फोनच्या फाइलला दिसतो, त्याने घाबरू नका. किमान आणि कमाल आकडे बघा. २९.९ ते ३०.१ असेल तर फारसं बिघडत नाही. किमान आकडा २० च्या आसपास असेल तर फाइल बदलून घेतल्याशिवाय हात लावू नका.

त्यासाठी हँडब्रेक हे व्हिडिओ फाइल बदलून देणारं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. २१६०पीचा प्रीसेट घ्या, नाहीतर ते गुपचूप १०८०पी करून देतं. व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेमरेट स्वतः ३० निवडा आणि खाली 'कॉन्स्टंट'वर खूण करा. 'पीक' तसंच राहिलं तर फ्रेमरेट बदलताच राहतो. इथेच बहुतेकांचं चुकतं. क्वालिटी आरएफ १६ ते १८ (आकडा जितका कमी तितकं चित्र चांगलं). फोनचा स्वतःचा आवाजही फाइलमध्ये राहू द्या, जुळवताना तोच कामाला येतो.

आता अडकणं. फोन वापरतो त्या एच.२६४ किंवा एचईव्हीसी फाइलमध्ये मोजक्याच फ्रेम्स पूर्ण साठवलेल्या असतात, बाकीच्यांत फक्त काय बदललं एवढीच नोंद. तुम्ही मधल्या एखाद्या फ्रेमवर उभे राहिलात की संगणकाला आधीच्या पूर्ण फ्रेमपासून हिशेब करत यावं लागतं. उलटं चालवताना तर फारच. सगळं फुटेज प्रोरेसमध्ये (प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवणारा एडिटिंगचा फॉरमॅट) बदलायचा सल्ला मिळेल, पण ४के ३० ला प्रोरेस ४२२ म्हणजे सुमारे ५८९ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट), तुमच्या एका रेकॉर्डिंगचे ११० जीबी. त्यापेक्षा १०८०पीच्या प्रोरेस प्रॉक्सी, म्हणजे एडिटपुरत्या हलक्या नकला, बनवा. त्या ४५ एमबीपीएसच्या आसपास, म्हणजे २५ मिनिटांना साडेआठ जीबी.

क्रम महत्त्वाचा: आधी फ्रेमरेट स्थिर, मग त्या फाइलवरून प्रॉक्सी. प्रॉक्सीचा फ्रेमरेट आणि ऑडिओ चॅनेल्सची संख्या मूळ फाइलइतकीच हवी, नाहीतर प्रीमिअरसारखं एडिटिंग सॉफ्टवेअर ती जोडूनच घेत नाही. फोकस आणि रंग मात्र प्रॉक्सी बंद करून मूळ चित्रावरच बघा. एक्सपोर्ट करताना 'यूझ प्रॉक्सीज'वर खूण राहिली नाही ना, तेही. फाइलींची नावं बदलायची असतील तर इम्पोर्टच्या आधी.

तिपाई

वरचं सगळं बरोबर, पण ती मलमपट्टी झाली. पुढच्या शूटपासून हे करा.

प्रकाश वाढवा. फ्रेमरेट घसरण्याचं मूळ तिथेच आहे. मॅन्युअल कंट्रोल देणारं कॅमेरा ॲप वापरून शटर १/६० वर बांधा. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल आणि दिव्यांमुळे चित्रात पट्टे सरकताना दिसले तर १/५० किंवा १/१००. व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर लॉक करा. पांढरा कागद फ्रेममध्ये आला की ऑटो एक्स्पोजर चेहरा काळवंडून टाकतो, आणि तो बदल एकाच क्लिपच्या मध्यावर असल्यामुळे रंग जुळवणं फार कटकटीचं होतं. फोनचा एचडीआर व्हिडिओ बंद. साध्या रेक ७०९ (एचडी व्हिडिओच्या रंगांचं नेहमीचं मानक) टाइमलाइनवर तो फिका तरी दिसतो किंवा जळका.

टेक चुकला तर कॅमेरा थांबवू नका. दोन सेकंद गप्प राहा, दोनदा टाळी वाजवा, परत दोन सेकंद गप्प, आणि वाक्य पहिल्या शब्दापासून बोला. अर्ध्यातून उचललेल्या वाक्याची पट्टी जुळत नाही, कट कानाला लगेच कळतो. मग एडिटला बसल्यावर वेव्हफॉर्म मोठा करून शेवटाकडून सुरुवातीकडे या. जोडसुळका दिसला की त्याच्या उजवीकडचा टेक चांगला, डावीकडे त्याच वाक्याच्या सुरुवातीपर्यंतचं सगळं उडवायचं. पुढून गेलात तर प्रत्येक वाईट टेक ऐकत बसावा लागतो.

शॉट सुरू झाल्यावर आणि संपण्याआधी पाच सेकंद स्तब्ध. हाताच्या क्लोजअपमध्ये हात फ्रेमबाहेरून आत येऊ द्या आणि काम झाल्यावर पूर्ण बाहेर जाऊ द्या, म्हणजे दोन्ही टोकांना कापायला स्वच्छ जागा मिळते.

जंप कट (एकाच शॉटमधला भाग कापल्यावर चित्राने मारलेली उडी) झाकायला ४केचा फायदा घ्या. १०८०पी टाइमलाइनवर ४के क्लिप मूळच्या दुप्पट मोठी करता येते. पूर्ण फ्रेमवरून साधारण १२५ ते १३० टक्क्यांवर जा, डोळे पडद्यावर जवळपास त्याच उंचीला ठेवून. १०५ टक्के केलंत तर ती चूक वाटते. दर कटला झूम करू नका मात्र. मुद्दा बदलतो तिथेच.

कात्री_नवी

मीडियाइन्फोत किमान २०.४, कमाल ३०.२ आलं. म्हणजे व्हेरिएबलच. हँडब्रेकमधून काढल्यावर आवाज शेवटपर्यंत दीड-दोन फ्रेमच्या आत राहतोय, तेवढं ऑडिओ आवळून जमलं. आता नवीन दिसलं: प्रत्येक कटला बारीक 'टक्' येतं, आणि आवाज कापला तिथे मागची घरघर एकदम गायब होऊन खड्डा पडल्यासारखं वाटतं.

शांतता_४८

'टक्' येतं कारण लहर शून्यावर नसताना कापली गेली. सगळे ऑडिओ कट निवडून दोन फ्रेम्सचा क्रॉसफेड (एक आवाज विरत दुसरा चढणं) लावा, एका कमांडमध्ये होतं. चार फ्रेम्सच्या वर गेलात तर उडवलेल्या शब्दाची शेपटी ऐकू येते.

खड्ड्यासाठी त्याच खोलीतला, त्याच माइकचा, कोणी बोलत नसतानाचा ३० सेकंदांचा आवाज लागतो. पुढच्या वेळी शूटच्या शेवटी मुद्दाम घ्या. आत्ता जुन्या रेकॉर्डिंगमधल्या दोन-तीन सेकंदांच्या शांत जागा जोडून, क्रॉसफेड देऊन एक पट्टी तयार करा आणि फक्त खड्ड्यांखाली अंथरा. सगळीकडे अंथरलीत तर घरघर दुप्पट होईल. नॉइज रिडक्शन लावणार असाल तर ते कॉम्प्रेसरच्या (मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणारा इफेक्ट) आधी, कारण कॉम्प्रेसर शांत जागांमधली घरघरही वर उचलतो.

श्वास अर्धा कापू नका. एकतर पूर्ण ठेवा किंवा पूर्ण काढा. आणि जिथे चित्राचा कट खटकतो तिथे आवाज सात-आठ फ्रेम्स आधी सुरू करून बघा, झूम न करताही बरेच कट त्याने निभावतात. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर ठेवा, आणि मोठ्यात मोठा आवाजही −१२ डेसिबलच्या आसपासच थांबेल इतकाच गेन (माइकचा आवाज वाढवण्याची पातळी). फाटलेला आवाज नंतर धडपणे शिवता येत नाही.