प्रति: टॉर्च अंधारात सापडावी म्हणून चमकणारी खूण

वर म्हटलंय की चमकणारा रंग दहा मिनिटांत विझतो, म्हणून थेट ट्रिटियम या किरणोत्सारी वायूची, आपोआप चमकणारी नळीच बसवावी. अर्धंच पटतं. लवकर विझते ती झिंक सल्फाइडची पावडर. स्ट्रॉन्शियम अल्युमिनेटची हिरवी पावडर अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना रात्रभर दिसत राहते, मंद का होईना. ट्रिटियमला उजेड दाखवावा लागत नाही हे खरं, पण त्याचं अर्धायुष्य 12.3 वर्षं (तेवढ्यात ट्रिटियम निम्मंच उरतं), आणि नळी काचेची.

राहून गेलेला मुद्दा खालच्या थराचा. टॉर्चच्या काळ्या ॲनोडाइझ्ड (ऑक्साइडचा थर चढवलेल्या ॲल्युमिनियमच्या) बॉडीवर थेट लावलं तर बराचसा उजेड बॉडीच गिळते. आधी पॉलिश पेपरने खरवडा, अल्कोहोलने पुसा, पांढऱ्या रंगाचा एक हात द्या. मग पावडर आणि पारदर्शक इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा गोंद) वजनाने साधारण समसमान घेऊन बॉडीवरच्या खाचेत मिलिमीटरभर थर भरा. संथ सुकणाऱ्या इपॉक्सीत जड पावडर तळाशी बसते, त्यापेक्षा पाच मिनिटांवाली बरी (पुढे पिवळट होते, पण चालतं). पाण्यात मिसळणारा रंग टाळाच. उघड्या, म्हणजे कणांवर संरक्षक लेप नसलेल्या पावडरला ओलावा लागला की ती कामातून जाते. शिवाय मागच्या स्विचवरची खूण खिशात उजेड मिळत नसल्याने चार्ज होत नाही. काचेच्या आत, रिफ्लेक्टरच्या कडेला दिली तर टॉर्च लावली की आपोआप होते.